तिसऱ्या देशाची हळद

यावर कुणाचाही विश्वास बसायचा नाही. त्यातून ते जवाहरअण्णा मगदुमांनी सांगितलं म्हटल्यावर सांगलीत लहान पोरसुद्धा खेळ थांबवून ऐकायचं नाही. पण साताऱ्याच्या एमआयडीसीत, जिथून समुद्र गाठायचा तर आधी अख्खा सह्याद्री उतरून जावं लागतं, तिथं त्या सकाळी जहाजाचा भोंगा वाजला. अण्णांचा एक पाय गाडीत होता, एक बाहेरच्या चिखलात, आणि काखेत उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली. भोंगा कानाआधी तळपायात शिरला, गुडघ्यांतून वर चढला, आणि उजवा हात आपोआप कानाकडे गेला, हेडफोन सारखा करायला. तिथं हेडफोन कुठला असायला? केस उगवलेला म्हातारा कान तेवढा होता. डोळ्यांपुढे क्षणभर करडं पाणी हललं, आणि त्या पाण्यातून एक विजेचा खांब, त्याच्यावरचा कावळा आणि मागे अजिंक्यतारा असं सगळं हळूहळू वर आलं.

"पाळी बदलली की वाजवतो आम्ही," स्वागताला पुढे आलेला प्रांजल म्हणाला. वेस्टरलुंड लाइन या जहाज कंपनीच्या सातारा डेपोचा हा मॅनेजर. दाढी कोरलेली, गळ्यात ओळखपत्र, बोलणं मऊ. "आपलंच एक जहाज मोडीत काढलं ना अण्णा, त्याचा ओरिजिनल भोंगा आहे. क्लायंटला जरा फील येतो."

"कुठलं जहाज?"

"नाव... बघून सांगतो."

"बघून," अण्णा म्हणाले, आणि दुसरा पाय चिखलात ठेवला.

म्हणजे जहाज मेलं, त्याचं लोखंड कुणाच्या तरी इमारतीच्या सळ्यांना गेलं, आणि त्याचा आवाज तेवढा काढून आणून इथं कामगारांची पाळी बदलायला टांगला. गेलेल्या माणसाच्या गळ्याची कुणी घंटी करून घेतली असती तर त्याला मारायला धावले असते लोक. याच वेस्टरलुंडच्या मालवाहू जहाजांवर उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रेडिओच्या खोलीत काढली होती. कपाटाएवढी ती खोली, तापलेल्या तारांचा वास, बोटाखाली टिकटिक. आपण कुठे आहोत, वारा कुठून आहे, मागून काय येतंय, एवढंच सांगायचं. त्यातलं अक्षर चुकलं तर माणसं बुडायची, म्हणून त्या खोलीत अण्णा एकदाही खोटं बोलले नव्हते. तिथं न बोललेलं सगळं खोटं मात्र त्यांनी जपून, दर रजेला थोडं थोडं, सांगलीला आणलं. सूर्य मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत, म्हणून एकदा ताट वाढायला उशीर झाला तर कप्तानानं जहाज पश्चिमेला असं पिटाळलं की अण्णांचा शेवटचा घास होईस्तोवर सूर्य बिचारा बुडताच येईना म्हणून क्षितिजावर ताटकळत उभा राहिला, ही गोष्ट त्यांनी बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पायरीवर बसून इतक्यांदा सांगितली होती की ऐकणारे शेवटी सूर्याची बाजू घ्यायला लागले होते. त्यांची बायको चंदनबाला तेवढी हसायची नाही. "आवं, जरा तरी लाज," ती म्हणायची. आणि अण्णा तिला समजावून सांगायचे, की ऐकणाऱ्याचा ज्याच्यावर विश्वासच बसत न्हाई ते खोटं न्हवं चंदन, ती करमणूक. खोटं म्हंजे जे खपतं ते. हा फरक त्यांनी कुठल्या ग्रंथात वाचला नव्हता, पण त्यावर त्यांचा फार जीव होता. चंदनबाला म्हणायची, मग दशलक्षणाचे दहा दिवस करमणूक बंद; आणि दर भाद्रपदात, पर्व बसलं की, देवापुढे उभं करून त्यांच्याकडून तसा नियम घ्यायची. दहा दिवस अण्णा एकदा जेवायचे, उकळलेलं पाणी प्यायचे आणि खरं बोलायचे. तिन्हींतलं शेवटचं सगळ्यात जड जायचं. दहा दिवसांचे दहा धर्म, आणि आजचा दिवस उत्तम सत्याचा. आत्ता सांगलीच्या बस्तीत पंडितजी सत्यावर बोलत असतील, पुढच्या रांगेत अण्णांची जागा रिकामी असेल, आणि तिच्याकडे बघून चार जण गालात हसत असतील.

सकाळी सांगलीहून येताना गाडी भरतेश चालवत होता. मुलगा बापासारखा नाही, तोलून बोलणारा. भागीदारीतून बाहेर पडून स्वतःच्या नावानं हळद परदेशी पाठवायला लागला ती यंदा पहिल्यांदा. हरिपूरकडच्या शेतकऱ्यांनी पोराकडे बघून नव्हे तर अण्णांकडे बघून माल दिला होता. "थापाडा हाय, पर फसवायचा न्हाई," असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं, आणि अण्णांना ती आयुष्यातली सगळ्यात मोठी पदवी वाटायची. भरतेशचा कंटेनर वेस्टरलुंडच्याच जहाजानं अमेरिकेला निघाला, वाटेतल्या एका बंदरात पुढच्या जहाजाची वाट बघत उभा राहिला, आणि गणपतीच्या तोंडावर अमेरिकेनं आपल्याकडच्या मालावरची जकात एकदम वाढवून टाकली. तिकडच्या गिऱ्हाइकानं दोन ओळींत माल नाकारला. पुढचं जहाज कंपनीनं रद्दच केलं. पाहुण्याला जेवायला बोलवायचं, तो घरातून निघाला की आपल्या दाराची उंची कमी करायची, आणि वर म्हणायचं की वाकून यायला काय होतंय. अण्णांनी हे पेपरात वाचलं तेव्हा पेपर घडी करून ठेवण्याऐवजी चुरगळला होता, आणि मग पर्वातला राग म्हणून स्वतःच परत सरळ केला होता.

"अण्णा, कंपनीनं वाट काढलीया," कराडच्या पुढे भरतेश रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "माल हाय तिथंच दळायचा, पिशव्यांत भरायचा, आन त्याच देशात पिकला म्हणून पुढं पाठवायचा. त्या देशाला जकात कमी हाय."

"आन पिकला कुठं?"

"तुमाला ठावं हाय कुठं पिकला ते."

"मला ठावं हाय. तुला हाय का?"

भरतेशनं गिअर बदलला. "नवीन गिऱ्हाईक कंपनीनंच शोधलंय. आपल्याच साताऱ्याकडची बाई हाय, तिकडं मोठ्या मसालेवाल्याकडं खरेदी बघती. ती म्हणती, कागद मला पुरं न्हाईत, त्या देशात हळद बघितलेल्या माणसाशी बोलायचंय. तुमी त्या बंदरात गेलाय की. फकस्त एवढंच म्हणायचं, तिकडं हळद पिकती, मी बघितलीया. एक वाक्य."

"म्हणून मला आणलंस व्हय. मला वाटलं कंपनी मानाचा नारळ देतीया."

"अण्णा, जल्मभर थापा मारल्या तुमी. एक माझ्यासाठी मारा."

खिडकीबाहेर ऊस मागे पळत होता. पोरगं चुकीचं बोललं नव्हतं, हेच बोचत होतं. जन्मभर शिंपी असलेल्या माणसाला मुलानं म्हणावं, एक खिसा तेवढा कापून द्या, तुमच्या हातात कात्री आहेच की. पण ते तसं मांडून सांगावं तर भरतेशच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. त्याच्या डोळ्यांखाली चार दिवसांची झोप साठली होती, आणि हात स्टिअरिंगवर असे होते की जणू गाडी नव्हे, दुसरंच काहीतरी निसटून जाणार आहे. माल बंदरात सडला तर याचं नाव जन्माआधीच जाणार होतं.

प्रांजलच्या खोलीत एवढं गार होतं की अण्णांनी उपरणं अंगाभोवती घेतलं. समोर कंदी पेढे आले, त्यांनी हात जोडले. भिंतभर जगाचा नकाशा होता, काचेचा, आतून उजळलेला, आणि त्याच्यावरच्या समुद्रात रेघाच रेघा. अण्णांची नजर सवयीनं त्यांच्या जुन्या वाटांवर गेली. अर्ध्या वाटा नव्हत्याच. जिथं भरधाव सरळ जायचं तिथं रेघ तीन ठिकाणी मोडली होती, बारक्या बारक्या बंदरांत शिरून उसवली होती.

"मोठ्या सरळ फेऱ्या आता परवडत नाहीत," प्रांजल समजावून सांगायला लागला. त्याला हे सांगायला मनापासून आवडत होतं. "कोण कधी जकात वाढवेल सांगता येत नाही. म्हणून आम्ही जुनी जहाजं काढली. छोटी ठेवली, जवळ जवळच्या देशांतून फिरवतो. उरलेली हळू चालवतो."

"हळू म्हंजे? यंत्र बिघडलं?"

"नाही, मुद्दाम. हळू चाललं की इंधन वाचतं. आणि माल जितके दिवस पाण्यावर तितके दिवस गोदामाची गरज नाही. वाटेतच भाव बघून ठरवता येतं, कुठं उतरवायचा ते."

"म्हंजे जहाजाचं पेव केलं की तुमी."

प्रांजलला पेव माहीत नव्हतं. भरतेशनं मान खाली घातली, कारण त्याला माहीत होतं, आणि आता बाप सुरू होणार हेही. पण अण्णा सुरू झाले नाहीत. ते मनानं हरिपुरात गेले होते, पेवाच्या काठी वडिलांच्या मागे उभे. जमिनीच्या पोटातलं ते खोल मडक्यासारखं भुयार, त्याच्यात हळद ओतून वरून माती लिंपायची, आणि भाव येईस्तोवर जमिनीला राखायला सांगायचं. तोंड उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आतली कोंडलेली हवा माणसाला मारते. वडील आधी दोरानं कंदील सोडायचे. तो विझला की वर ओढायचे, काठावर बसून राहायचे, पुन्हा सोडायचे. बारक्या जवाहरला त्या काळ्या तोंडातून येणाऱ्या वासाची भीती वाटायची. ओली माती, जुनं ऊन आणि कापूर एकत्र कोंडल्यासारखा तो वास अंगावर यायचा, आणि वडील म्हणायचे, भिऊ नको, आपलीच हाय. अंधारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी हळद आपलीच असायची. गाव पुराखाली गेलं, पेवं ढासळली, पण हळदीला कुणी विचारलं नाही की बाई, तू आता कुठली म्हणवून घेणार?

"त्या देशाचं नाव काय ठरलं?" अण्णांनी एकदम विचारलं.

"आम्ही कागदावर त्याला थर्ड कंट्री म्हणतो. तिसरा देश."

"तिसरा. त्याला आई-बापानं नाव न्हाई ठेवलं?"

"अण्णा, तसं नाही..."

"मी गेलोय तिथं. तिथल्या माणसांनी मला भात वाढलाय, मासळीचं भांडं लांब ठेवून. त्यांचं नाव हाय, गाव हाय. तुमी त्यांचं बी नाव पुसलं आन माझ्या हळदीचं बी. दोघांस्नी सारखंच लुबाडलं की रं गड्या."

"हे सगळेच करतात," प्रांजल म्हणाला. आवाज अजून मऊच होता. "दळलं की माल बदलतो, असं म्हणता येतं. सरकारं भिंती बांधणार, आम्ही दारं शोधणार. कंपनी टिकली तर तुमच्यासारख्यांची पेन्शन टिकेल ना."

दळलं की माल बदलतो! अण्णांच्या कानशिलात टिकटिक सुरू झाली, जुन्या बोटातली, आणि या वेळी ती काय म्हणतेय ते त्यांना लागेना. भर वादळात, खुर्चीला पट्ट्यानं बांधून घेऊन, आम्ही इथं आहोत, इथं आहोत, असं ते जगाला सांगत बसले होते. जहाज हलत होतं, ओकारी येत होती, पण कुठे आहोत ते पाण्यासारखं स्वच्छ. त्याच कंपनीचा हा पोरगा आता सुक्या डोंगरात बसून, गार हवेत, एक पेढा खात, सांगत होता की माल कुठला ते नंतर ठरवता येतं. आणि चोरी करताना याचा हातसुद्धा ओला होत नव्हता. खोटं बोलायचं तर माणसानं समोर बसावं, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं, पकडलं जायची जोखीम घ्यावी. घाम यावा जरा. यांनी खोट्याचाही कारखाना काढला, पाळ्या लावल्या, त्याच्यावर भोंगा बसवला. अण्णांना संताप आला. आपल्याच धंद्यात कुणी भेसळ करून मोठं दुकान टाकावं तसा तो संताप होता, आणि त्यात थोडी लाजही होती, ती त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

तेवढ्यात टेबलावरच्या लॅपटॉपच्या पडद्यावर ती खरेदी बघणारी बाई आली. तिकडं रात्र होती. मागं स्वयंपाकघराचा दिवा दिसत होता. संयोगिता. वय असेल चाळिशीच्या आसपास, चष्मा कपाळावर, समोर कागदांचा ढीग. तिनं आधी अण्णांनाच नमस्कार केला.

"अण्णा, उशीर झालाय, थेटच बोलते. कागद सगळे बरोबर आहेत. मला कागदांचीच भीती वाटते," ती म्हणाली. "माल ज्या देशाचा म्हणून मी घेते त्या देशाचा नाही निघाला, तर सही माझी आहे. कंपनी बाजूला होईल, इथं मला उभं करतील. माझ्या मुली शाळेत जातात. म्हणून म्हटलं, तिथं जाऊन आलेलं कुणीतरी घरातलं वडीलधारं माणूस द्या. तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन."

आणि ती वाट बघायला लागली. अण्णांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. आयुष्यभर त्यांच्यापुढे बसणारे चेहरे त्यांना पाठ होते: एक भुवई वर, ओठाच्या कोपऱ्यात हसू तयार, आता हा कुठं घेऊन जातोय बघू, असे. त्या चेहऱ्यांसाठी तर ते सगळं होतं. हा चेहरा वेगळा होता. ही बाई विश्वास ठेवायला बसली होती. ओंजळ पुढं करावी तसा तिनं चेहरा पुढं केला होता, आणि एक साधं, छोटं, बिनरंगाचं वाक्य तिच्यात टाकलं की संपलं. ते खपलं असतं. बायकोला इतकी वर्षं समजावून सांगितलेलं खोटं होतं ते, अगदी तेच, आणि त्यात गोष्टीचा लवलेशही नव्हता. शेजारी भरतेशचा श्वास ऐकू येत होता. खरं सांगावं, तर परक्या बाईपुढं आणि मॅनेजरपुढं पोटच्या पोराला लबाड म्हणावं लागत होतं. आणि गप्प राहावं, तर ते गप्प राहणंच हो म्हणून तिकडं पोचलं असतं, कारण तिला हवंच होतं ते. चांगल्या माणसाला फसवणं किती सोपं असतं, हे अण्णांना या वयात कळत होतं. त्यांच्या सबंध आयुष्यात त्यांनी एवढा सोपा श्रोता पाहिला नव्हता.

"बोला ना अण्णा," प्रांजल हळूच म्हणाला. "हळद बघितली तुम्ही तिकडं."

"बघितली की," अण्णा म्हणाले.

भरतेशनं डोळे मिटले. संयोगितानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पेन उचललं.

"बंदरातनं बाहेर पडलं की लगीच दिसती," अण्णा सावकाश, चवीनं बोलायला लागले, आणि बोलता बोलता त्यांची पाठ सरळ होत गेली. "आमचं जहाज किनाऱ्याला लागायच्या आदीच वास यायचा. लय मोठा मुलूख हाय हळदीचा. मी सोता जाऊन बघितला. सकाळची येळ हुती, माणसं कामाला निघालेली, खांद्यावर शिड्या."

"शिड्या?" संयोगितानं लिहिता लिहिता विचारलं.

"मग? त्याबिगर काढणार कशी? झाड काय लहान हाय का. माडाएवढं जातंय वर."

प्रांजलचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला मऊपणा गेला. भरतेशनं डोळे उघडले. त्यानं बापाकडं बघितलं, आणि बापाच्या डोळ्यांतलं ते जुनं, बस्तीच्या पायरीवरचं चकाकणारं पाणी त्याला दिसलं असावं, कारण त्याचा हात झटक्यात लॅपटॉपकडं गेला. बोट बटणावर टेकलं. एका दाबात आवाज बंद झाला असता, संपर्क तुटला म्हणता आलं असतं. अण्णांनी ते बोट बघितलं आणि बोलणं थांबवलं नाही.

"फांदीफांदीला चिकूवानी घोस लागल्यात. एक गडी वर चढून हलीवतो, आन खाली पिवळा पाऊस. शिजवायला नको, वाळवायला नको. दुपारच्या उन्हात झाडावरच शिजती. आन दुपारचं त्या झाडाखाली कुणी झोपत न्हाई बगा. झोपला की चार वाजता उठंस्तोवर अंगभर हळद लागलेली असती, मग गावातली माणसं सोडत न्हाईत, बोहल्यावरच उभं करत्यात. आमच्या जहाजावरचा सैपाक करणारा भंडारी तसाच गेला. दोनदा लगीन झालं त्याचं, एकाच बाईसंगं."

भरतेशचं बोट बटणावर होतं. ते दाबलं गेलं नाही. मग ते हळूहळू उचललं गेलं, आणि हात मांडीवर येऊन पडला.

पडद्यावर संयोगितानं पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. समोरच्या म्हाताऱ्याकडं, मग त्याच्या शेजारच्या मान खाली घातलेल्या मुलाकडं, मग मॅनेजरकडं ती बघत राहिली, आणि तिच्या तोंडचं शहरी वळण गळून पडून वाईकडचं माहेर बाहेर आलं.

"आवं अण्णा! हळद जमिनीत येती. आमी कुदळीनं खणून काढतो. तुमी तिथं हळदीचं पानसुदीक बघितलेलं न्हाई. खोटं बोलताय तुमी, धादांत खोटं!"